आधी ठरवा, मग लावा

वरठी आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांना माझी एक विनंती आहे. टीव्ही लावायचा तर आधी ठरवून लावा. काय पाहायचं, किती वेळ पाहायचं, कोणाला बरोबर बसवायचं आणि संपल्यावर बंद कोण करणार, एवढं घरात बोलून घ्या आणि मग बटण दाबा. टीव्ही विकून टाका, केबल तोडा, असं मी सांगत नाही. तसं सांगणारी प्रवचनं आपण ऐकलेली आहेत. त्या जोरावर चार दिवस घर शांत राहतं आणि पाचव्या दिवशी सगळं पूर्ववत होतं, कारण काय घ्यावं आणि काय टाकावं हे ओळखायला बंदीमुळे कोणी शिकत नाही.

आपल्याकडे सगळ्यांची संध्याकाळ सारखी नसते. सनफ्लॅगच्या कारखान्यात कोणी पहिल्या पाळीला असतो, कोणी रात्रपाळीला. कोणी सकाळी नागपूरची गाडी धरतो आणि अंधार पडल्यावर भंडारा रोड स्टेशनवर उतरतो. रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर बांधीत वाकून येतात. असं थकलं अंग टीव्हीसमोर टेकलं की निवड करायची ताकद उरलेली नसते. जे चालू असेल ते माणूस पाहतो, ते संपलं की पुढचं पाहतो. वाहिन्या चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर एक मालिका ऐन ताणलेल्या प्रसंगावर थांबवतात आणि श्वास सोडायच्या आत दुसरी सुरू करतात. निवड करायची तर थकवा यायच्या आधी, डोकं ताजं असताना करावी. रविवारी उपासनेहून परतल्यावर सगळे एका वेळी जेवायला बसतात, ती वेळ मला त्यासाठी सर्वात योग्य वाटते.

दावीद राजाची गोष्ट या बाबतीत मला फार जवळची आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ती येते. आपण ती व्यभिचाराची गोष्ट म्हणून ऐकतो आणि सुरुवातीकडे लक्ष देत नाही. सैन्य लढाईवर गेलं आहे, राजा मात्र यरुशलेमातच राहिला आहे. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठतो आणि वाड्याच्या गच्चीवर फिरू लागतो. हाताला काम नाही, मनात काही ठरलेलं नाही आणि नजर मोकाट आहे. बथशेबा, उरीयाचा खून, पुढे घराण्याची झालेली वाताहत, हे सगळं त्या रिकाम्या संध्याकाळी सुरू झालं. पहिली नजर पडली यात त्याला दोष देता येणार नाही. पण तो पाहत राहिला, मग त्याने चौकशी केली, मग माणसं पाठवली. एकामागून एक वाहिन्या बदलत बसलेला बाप आणि अंथरुणात मोबाईलवर बोट सरकवत पडलेला त्याचा मुलगा, दोघेही त्याच गच्चीवर फिरत असतात.

पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीदाकडे येतो. तो राजाला दरडावत नाही. एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची आणि ती हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दावीद संतापून निवाडा देतो आणि मग त्याला कळतं की तो श्रीमंत आपणच आहोत. नजरेमुळे घसरलेला राजा गोष्टीमुळे शुद्धीवर आला. म्हणून नाटक, सिनेमा, मालिका यांना सरसकट सैतानाचं काम म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. प्रभू येशूने दाखल्यांतूनच शिकवलं. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ऐय्याशी आहे, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात रस्त्यावरची लूटमार आहे. पौल अथेन्सला गेला तेव्हा तिथल्या लोकांशी त्यांच्याच कवींचा दाखला देऊन बोलला. तो ते कवी वाचल्याशिवाय कसा बोलला असता? गोष्टीत पाप दाखवलं म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही. ती पाहून उठल्यावर आपण कोणाच्या बाजूला उभे असतो, ते तपासावं लागतं.

आता जरा कठीण भागाकडे येऊ. चांगलं काय आणि वाईट काय हे ओळखताना आपण ख्रिस्ती लोक एकाच गोष्टीकडे पाहतो. पडद्यावर अर्धउघडं अंग दिसलं, चुंबन आलं, की आई घाईघाईने चॅनेल बदलते, आजोबा खाकरतात, मुलं जमिनीकडे पाहतात. ही लाज चांगली आहे, ती राहू द्या. पण तेच घर पुढचा एक तास निवांत बसून पाहतं की सून सासूच्या दुधात काय मिसळते आहे, जाऊ जावेविरुद्ध कट कसा रचते आहे, भाऊ भावाची जमीन सही घेऊन कशी लाटतो आहे. मग बातम्या लागतात. चौकटीत कोंबलेली सहा माणसं एकमेकांवर ओरडतात आणि एका अख्ख्या समाजाला शिव्या घालतात. तेव्हा मात्र कोणीच चॅनेल बदलत नाही.

प्रभूने मात्र असं एकाच गोष्टीकडे पाहिलं नाही, हे डोंगरावरच्या प्रवचनात दिसतं. ते मत्तयच्या पाचव्या अध्यायापासून सुरू होतं. आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला त्या प्रवचनाबरोबर कवी नारायण वामन टिळकांची आठवण व्हायला हवी. नागपूर ते राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती रेल्वेवाट आपल्याच भंडारा रोडवरून जाते. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून पुढे त्यांना माघारी जाता आलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवचनात प्रभूने विषय कोणत्या क्रमाने घेतले ते एकदा उघडून पाहा. आधी राग येतो. भावावर संतापणं, त्याला तुच्छ लेखून बोलणं, हे प्रभू थेट हत्येच्या शेजारी नेऊन ठेवतो. वासनेच्या नजरेचा विषय त्याच्यानंतर येतो. आपण हा क्रम उलटा केला आहे, आणि पहिला भाग तर घरातून हद्दपारच केला आहे.

रोज रात्री तिरस्कार ऐकणाऱ्या कानांना तो सवयीचा होतो. आपण वरठीत चार ख्रिस्ती घरं आहोत, आजूबाजूला हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारी आहेत. त्यांच्या लग्नात आपण जेवतो, नाताळात ते आपल्याकडे येतात, कोणाच्या घरी मयत झाली तर सगळेच जातात. ज्या कार्यक्रमामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्याकडे पाहताना आपल्या मनात संशय येतो, तो कार्यक्रम ख्रिस्ती घरात चालू ठेवायला मला तरी कोणताही आधार सापडत नाही. तो आपल्या बाजूने बोलत असला तरी नाही. बातम्या हव्यात तर दहा मिनिटांच्या बातम्या ऐका, सकाळी वर्तमानपत्र वाचा. देशात काय चाललं आहे ते कळायला चर्चेच्या नावाखालचं भांडण लागत नाही.

मालिकांबद्दलही तेच. पहिल्या आठवड्यात कारस्थान करणाऱ्या सुनेचा राग येतो. सहा महिन्यांनी आपल्या घरातली सून फोनवर हळू आवाजात बोलली तरी सासूच्या मनात काहीतरी हलतं. ती सून कदाचित माहेरी आजारी पडलेल्या आईची चौकशी करत असेल. रोज तासभर संशय पाहणाऱ्या माणसाच्या मनात तो घर करतोच. ज्या बायका वर्षानुवर्षं अशा मालिका पाहत आल्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. दिवसभर राबून त्यांना तेवढाच विसावा मिळतो, आणि तो विसावा घरातल्या पुरुषाने वेगळ्या रीतीने देऊ केलेला नसतो. मालिका बंद करायला सांगणाऱ्या नवऱ्याने आधी रात्रीची भांडी घासावीत, मग बायकोशी अर्धा तास बोलत बसावं. त्यानंतर मालिकेचा विषय काढावा.

डोळा हा शरीराचा दिवा असल्याचं वचन आपण पुष्कळदा ऐकतो. मत्तयच्या सहाव्या अध्यायात ते कुठे बसवलं आहे तेही पाहण्यासारखं आहे. त्याच्या आधी पृथ्वीवर धन साठवण्याबद्दल शिकवण आहे आणि लगेच नंतर देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे येतं. म्हणजे तिथला बिघडलेला डोळा मुख्यतः हावरा डोळा आहे. मालिकेतली बाई स्वयंपाकघरातही पैठणी नेसून वावरते, घरात झुंबर टांगलेलं असतं, कोणी कधी कामाला जाताना दिसत नाही. दर काही मिनिटांनी जाहिरात सांगते की तुमचा रंग कमी आहे, तुमचा फोन जुना आहे, तुमची मुलं मागे पडतील. दोन खोल्यांच्या घरात महिन्याच्या पगाराची जुळवाजुळव करणाऱ्या माणसाला यातून एकच गोष्ट मिळते, आपल्याजवळ जे आहे त्याचा कंटाळा. ज्या कार्यक्रमानंतर घरात वस्तूंवरून भांडण होतं, तो कोणता हे तुम्हाला माहीत असतं. त्याच्यावरच आधी बोट ठेवा.

काय पाहू नये हे एवढं सांगून झालं, तेव्हा काय पाहावं हेही सांगायला हवं.

पाहण्याने माणूस कसा घडतो याचं सर्वात मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. त्या एका पाहण्यातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या देशाचा सिनेमा उभा राहिला. घरात बसून पाहणारी आपली मुलंही अशीच आत काहीतरी रचत असतात. ते काय रचत आहेत हे विचारणारं कोणी घरात असावं.

विजया मेहता यांनी १९८० च्या दशकात याच टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला. सुहास जोशी त्यात लक्ष्मीबाई झाल्या होत्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर एका बाईचं घर कसं मोडलं, ती किती रडली, किती भांडली, आणि पुढे स्वतःच्या पायांनी चालत विश्वासापर्यंत कशी आली, हे मराठी प्रेक्षकाने टीव्हीवरच पाहिलं. ख्रिस्ती घरातला प्रामाणिकपणा दाखवायला त्यात चमत्कार लागले नाहीत. मिळाला तर तो चित्रपट घरच्यांबरोबर पाहा. नाही मिळाला तर पुस्तक आणा आणि रोज रात्री दोन पानं मोठ्याने वाचा. लक्ष्मीबाईंची भाषा अशी आहे की मुलं हसतील आणि ऐकत राहतील.

जुन्या लोकांना ‘दयासागर’ चित्रपट आठवत असेल. मूळ तेलुगू ‘करुणामयुडु’ १९७८ साली आला, विजयचंदर यांनी त्यात येशूचं काम केलं. हिंदीत आल्यावर तो गावोगावी पडदा बांधून दाखवला गेला. वधस्तंभाच्या प्रसंगाला सगळं मैदान रडायचं, त्यात ख्रिस्ती कोण आणि नाही कोण हे ओळखता येत नसे. शुभ शुक्रवारच्या आठवड्यात घरी तो लावला आणि शेजारच्यांना बोलावलं तर ते आनंदाने येतील. बोलावताना पाहुणचारासाठी बोलवा. कोणाला पकडून बसवू नका.

क्रिकेट पाहा. कुस्ती, कबड्डी पाहा. प्राण्यांचे, समुद्राचे, आकाशाचे कार्यक्रम मुलांबरोबर पाहा, निर्माणकर्त्याची स्तुती करायला त्याच्याइतकं सोपं निमित्त नाही. हसवणारा चांगला कार्यक्रम असेल तर पोटभर हसा. कोणाच्या अंगावरून, जातीवरून, काळ्या रंगावरून हसवत असेल, तर मुलांसमोर स्पष्ट सांगा की हे आपल्याला हसण्यासारखं वाटत नाही. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, मनात काय धरावं याची यादी दिली आहे. सत्य, न्याय्य, शुद्ध, प्रीतिपात्र असं जे काही असेल ते त्यात येतं. ते देवळातच सापडलं पाहिजे अशी अट त्याने घातलेली नाही.

ठरवून पाहण्याची रीत आपल्या मातीत नवी नाही. साकोली-लाखांदूरकडे झाडीपट्टीचं नाटक आणायचं असतं तेव्हा गावातली मंडळी आधी बसतात. वडशाच्या कोणत्या नाटक कंपनीचा कोणता खेळ, खर्च किती, मंडई कोणत्या दिवशी, बायामुलं बसू शकतील असं नाटक आहे का, हे सगळं बोललं जातं. मग एका रात्री सगळं गाव एकत्र बसतं, पहाटेपर्यंत पाहतं आणि पुढचे आठ दिवस त्याच्यावरच बोलतं. तेवढंच घरात करायचं आहे. आठवड्याच्या तीन-चार गोष्टी निवडा, सगळ्यांनी मिळून पाहा आणि नंतर बोला. कोण चुकलं, कोणाची दया आली, त्या जागी आपण असतो तर काय केलं असतं. जेवताना पंधरा मिनिटं असं बोलणं झालं की मुलं स्वतःच चांगलं-वाईट पारखू लागतात. टीव्ही बंद करून दिलेलं व्याख्यान त्यांच्या कानाबाहेर राहतं.

ख्रिस्ती नाव लावून येणारा प्रत्येक कार्यक्रम ख्रिस्ताचा नसतो, हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. टीव्हीवर आणि मोबाईलवर असे उपदेशक दिसतात जे सांगतात, अमुक खात्यावर बी म्हणून पैसे पाठवा, देव दहापट परत करील. पडद्याला हात लावा, आजार जाईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगाराने देवाचं दान पैशाने विकत घ्यायला पाहिलं आणि पेत्राने त्याला कडक शब्दांत झापलं. आज तोच सौदा उलट दिशेने मांडला जातो आणि आपल्यातल्या गरीब विधवा त्याला बळी पडतात. आजारी माणसाने प्रार्थना करावी आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यातही जावं, गोळ्याही घ्याव्यात. कोणी टीव्हीवरून गोळ्या बंद करायला सांगत असेल तर ते चॅनेल बंद करा आणि आपल्या पाळकांना किंवा फादरांना जाऊन सांगा. अर्पण आपल्या मंडळीत द्या, जिथे हिशेब विचारता येतो.

मुलांसाठी दोन कामाच्या गोष्टी. २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटरनेटवरून येणाऱ्या मालिका-चित्रपटांवर वयाची खूण असते, यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशी. यू/ए १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावण्याची सोय द्यावीच लागते. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाका. जमत नसेल तर घरातल्या मोठ्या मुलीला विचारा, तिला येतं. कुलूप म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे, हेही त्यांना सांगा. आणि केबल किंवा डिशचं बघायचं तर २०१९ पासून वाहिन्या निवडून घेता येतात. जी वाहिनी घरात नको आहे तिचे पैसे महिन्याला का भरायचे?

दुसरी गोष्ट थोडी दुखरी आहे. हिंदी सिनेमांत ख्रिस्ती माणूस पुष्कळदा दारू पिऊन झिंगलेला दिसतो आणि गळ्यात क्रूस घातलेली मुलगी क्लबमध्ये नाचणारी असते. शाळेत आपली मुलं संख्येने थोडी असतात, आणि वर्गातल्या इतरांनी ख्रिस्ती माणूस फक्त पडद्यावरच पाहिलेला असतो. मुलगा घरी येऊन काही बोलला तर त्याला गप्प करू नका. त्याला सांगा की आपल्याकडचे किती जण परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, रेल्वेत आहेत, कारखान्यात आहेत. आणि इतर समाजांचीही अशीच विकृत चित्रं दाखवली जातात, तेव्हा आपणही ती खरी धरायची नाहीत, हे त्याच वेळी सांगा.

घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याशी यातलं काही बोलू नका. मुलगा पुण्याला, सून नोकरीला, आणि दिवसभर टीव्ही हाच घरातला एकमेव आवाज. तो आवाज काढून घेण्याचा आपल्याला हक्क नाही. त्यांच्याकडे संध्याकाळी जाऊन बसा. चहा घ्या, एखादं भजन म्हणा. माणूस आलं की ते स्वतःच आवाज बारीक करतात.

पाळक, फादर आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना शेवटी एवढंच विनवतो. हा विषय वर्षातून एकदा, उपवासकाळातल्या एखाद्या प्रवचनात रागावून उरकू नका. कॅथॉलिक चर्चमध्ये तर १९६७ पासून दरवर्षी संपर्कमाध्यमांसाठी एक रविवार राखून ठेवलेला आहे, पेन्टेकॉस्टच्या आधीचा. इतर मंडळ्यांनीही तोच रविवार घ्यायला हरकत नसावी. त्या दिवशी उपासनेनंतर लोकांना थांबवा, बायकांना आणि मुलांना आधी बोलू द्या, ते काय पाहतात आणि का पाहतात ते ऐका. मग प्रत्येक घराने आपापल्या आठवड्याची निवड कागदावर लिहून न्यावी, आणि पुढच्या महिन्यात ती कशी जमली ते येऊन सांगावं.